कुत्र्याच्या पिलाचें वजन आणि वाढ

भाद्रपद महिना आणि कुत्रीं यांची सांगड आपल्या भाषेनें फार पूर्वींच घालून ठेवलेली आहे. त्या सांगडीच्या मागें पिढ्यान् पिढ्यांचें निरीक्षण आहे. गांवांतल्या मोकळ्या कुत्र्यांचा समागमाचा काळ बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धांत येतो, आणि कुत्रीचा गर्भकाळ सुमारें त्रेसष्ट दिवसांचा असतो. हा हिशेब मांडला म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षांत जिन्याखालीं, कडब्याच्या गंजीआड, अर्धवट बांधलेल्या घरांपुढच्या वाळूच्या ढिगांत पिलें कां दिसूं लागतात, याचा उलगडा होतो. वऱ्हाडांत हे दिवस थंडीचे. आमच्या वाशीमला दुपारीं ऊन चटकतें आणि पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. ज्या जीवाला स्वतःच्या अंगाची ऊब राखतां येत नाहीं, तो जन्मास येतो नेमका याच ऋतूंत.

मार्गशीर्षी पौर्णिमेला दत्तजयंती असते. आपल्या जिल्ह्यांतील कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. तेथें दत्ताच्या तसबिरीपुढें उभे राहून, त्याच्या पायाशीं बसलेल्या कुत्र्यांनाहि आपण हात जोडतों, परंतु त्याच दिवसांत दाराबाहेर व्यालेल्या कुत्रीच्या पिलांविषयीं पुष्कळ घरांतून एकच वाक्य ऐकूं येतें, “जगलीं तर जगलीं!”

जगतात तरी किती? कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील अभ्यासकांनीं मोकळ्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिलांवर पांच वर्षें नजर ठेवली, आणि २०१६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारें १९ टक्के पिलेंच वयांत येईपर्यंत टिकलीं होतीं. जीं गेलीं त्यांत माणसाच्या कृतीनें गेलेल्यांचा वाटा मोठा होता. हा आंकडा बंगालचा खरा. तथापि आपल्या गल्लीकडे डोळसपणें पाहणाऱ्यास तो परका वाटणार नाहीं.

रस्त्यावरच्या वाहनांपासून पिलाला कसें वांचवावें, हा आजचा विषय नव्हे. आज मला बोलावयाचें आहे तें ज्या घरानें पिलूं पत्करलें आहे त्या घराविषयीं. मग तें पिलूं गांवठी असो, कीं पुण्या-नागपुराहून मोल देऊन आणलेलें असो. अशा घरांत अन्न असतें, ऊब असते, माया तर भरपूर असते. तरीहि पिलें दगावतात, आणि विचारलें तर उत्तर मिळतें, “कालपर्यंत चांगलें होतें हो!” माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, कालपर्यंत तें चांगलें नव्हतें. चार दिवसांपासून त्याचें वजन वाढत नव्हतें आणि तें कोणीं पाहिलें नव्हतें.

मी पशुवैद्य नव्हे. पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविण्यांत गेलीं, आणि त्यांतील बराच काळ पाढे व आलेख यांच्या संगतींत गेला. पण या विषयाला लागतें तें गणित तिसरीच्या मुलालाहि येतें. वयाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिलूं डोळ्यांनीं पाहत नाहीं, कानांनीं ऐकत नाहीं. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्याचे डोळे उघडतात. त्याला होणारें दुःख सांगण्याचें एकच साधन त्याच्यापाशीं असतें, तें म्हणजे रडणें; आणि फार अशक्त झालेलें पिलूं रडतहि नाहीं, स्वस्थ पडून राहतें. घरचीं माणसें म्हणतात, “किती गुणी आहे, त्रास देत नाहीं!” अशा वेळीं खरी हकीकत सांगणारा साक्षीदार वजनाचा कांटा.

ही कल्पना नवी नाहीं, आणि कुत्र्यांसाठीं निघालेलीहि नाहीं. डेव्हिड मोर्ले नांवाच्या इंग्रज बालवैद्यानें १९५० नंतरच्या काळांत पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरियांत लहान मुलांच्या वजनाचा साधा तक्ता प्रचारांत आणला. आईनें तो घरीं जपून ठेवावयाचा, आणि दर महिन्याला मुलाच्या वजनाचा एक ठिपका त्यावर पडावयाचा. मूल आजारी दिसूं लागण्यापूर्वींच ठिपक्यांची रेषा आडवी होते, हें त्यानें दाखवून दिलें. आपल्याकडे १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तेव्हांपासून अंगणवाडींतल्या ताई हेंच काम करीत आल्या आहेत. त्या एका दिवसाच्या वजनावरून निर्णय देत नाहींत. रेषा चढते आहे, आडवी आहे, कीं उतरते आहे, हें पाहतात. पिलाच्या बाबतींतहि पाहावयाचें तें हेंच. फरक इतकाच कीं, मुलाच्या वाढीचा महिना म्हणजे पिलाचा जेमतेम दोन-तीन दिवसांचा काळ. म्हणून येथें ठिपका रोज पडला पाहिजे.

आतां वजन कसें करावें तें सांगतों. स्वयंपाकघरांत असतो तो एक ग्रॅमपर्यंत दाखविणारा विजेरीवरचा कांटा उत्तम. त्यावर एक खोलगट टोपली किंवा पातेलें ठेवावें, तळाशीं मऊ फडकें अंथरावें, कांटा शून्यावर आणावा आणि मग पिलूं आंत ठेवावें. फडकें घालण्यास विसरूं नये. थंड धातूचा स्पर्श झाला कीं पिलूं वळवळतें आणि आंकडा स्थिर राहत नाहीं. वेळ रोज एकच असावी, शक्यतों सकाळीं, दूध पिण्यापूर्वीं. नाहींतर पोटांतल्या दुधाचें वजन आपण वाढ म्हणून लिहून घेऊं. कांटाहि रोज तोच असावा. दोन कांट्यांत दहा-पंधरा ग्रॅमांचा फरक सहज पडतो, आणि लहान पिलाच्या बाबतींत दहा ग्रॅम ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. एका वेतांत सारख्या रंगाचीं पिलें असतील तर ओळखीसाठीं निरनिराळ्या रंगांची लोकर गळ्याभोंवतीं सैल बांधावी, आणि दर दोन दिवसांनीं ती सैल आहे ना हें बोट घालून पाहावें. मान झपाट्यानें जाड होते. आमच्याकडे मुलांनीं कपाळावरच्या ठिपक्यावरून आणि शेपटीच्या टोकावरून नांवें ठेवलीं होतीं, तींहि चाललीं.

किती वजन असावें, हा प्रश्न पहिल्यानें विचारला जातो. गांवठी कुत्रीचें पिलूं जन्मतांना साधारणपणें २०० ते ४०० ग्रॅमांचें असतें. जुन्या मापानें बोलावयाचें तर पाव शेराच्या आगेंमागें. पहिल्या दिवसांत त्यांत किंचित् घट झाली तर घाबरूं नये. परंतु फ्रान्समधील तुलूज येथील पशुवैद्यक विद्यालयांत झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, पहिल्या दोन दिवसांत ज्या पिलाचें वजन जन्मवजनाच्या चार टक्क्यांहून अधिक उतरतें, त्याच्या जिवाला इतरांपेक्षां पुष्कळच अधिक धोका असतो. तीनशें ग्रॅमांच्या पिलाच्या बाबतींत हे चार टक्के म्हणजे अवघे बारा ग्रॅम! हातांत धरून हा फरक कोणाला कळणार?

त्यानंतर मात्र रोज वाढ झालीच पाहिजे. आठ ते बारा दिवसांत जन्मवजनाची दुप्पट व्हावी, हा ढोबळ नियम. दुसरा एक ठोकताळा जाणकार लोक वापरतात. कुत्रें पूर्ण वाढल्यावर जितके किलो भरेल, त्या प्रत्येक किलोमागें पिलानें रोज दोन ते चार ग्रॅम वाढावें. आपलें गांवठी कुत्रें पंधरा ते वीस किलोंचें होतें. अठरा किलो धरले तर रोजची वाढ ३६ ते ७२ ग्रॅम आली. आईचें वजन माहीत असेल तर हा हिशेब घरच्या मुलांना करावयास सांगावा. शाळेंतल्या नफ्या-तोट्याच्या उदाहरणांपेक्षां ती तो अधिक आवडीनें करतात.

कोरडे नियम पुरे झाले. एका वहींतली नोंद सांगतों. आमच्या गल्लींत एका घराच्या जिन्याखालीं एक कुत्री दर वर्षीं वीत असे. एका वर्षीं तिच्या पांच पिलांपैकीं चार पंधरवड्याच्या आंत गेलीं, आणि केव्हां काय बिघडलें हें कोणासहि सांगतां येईना. पुढच्या मार्गशीर्षांत चार पिलें झालीं, तेव्हां त्या घरच्या दोन मुलांनीं चौकटींची वही घातली. पहिल्या दिवसाचीं वजनें ३३०, ३१०, २९५ आणि २४० ग्रॅम. दुसऱ्या दिवशीं पहिलीं तिघें होतीं तेथेंच किंवा चार-पांच ग्रॅम वर. धाकटें मात्र २२६ वर उतरलेलें. चौदा ग्रॅमांची घट, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. दिसण्यांत तें इतरांसारखेंच होतें, आईच्या पोटाशींच पडलेलें होतें. पण थोडा वेळ बसून पाहिलें तेव्हां कारण उघड झालें. तीन धटिंगण भावंडें चांगल्या दुधाचे मागचे सड धरून बसत, आणि हें बिचारें पुढच्या रिकाम्या सडाशीं झटापट करून थकून झोपीं जाई.

उपाय अवघड नव्हता. इतरांना पाव तास टोपलींत उचलून ठेवावयाचें आणि धाकट्याला मागच्या सडाशीं लावावयाचें, असें दिवसांतून पांच-सहा वेळां त्या मुलांनीं केलें. तिसऱ्या दिवशीं आंकडा २३१ झाला, पांचव्या दिवशीं २६२, आणि बाराव्या दिवशीं तो ४८० वर गेला. त्या घरच्या आजीबाई मला म्हणाल्या, “मास्तर, पोरांनीं पिलाला तराजूंत घालूं नये, दृष्ट लागते.” त्यांनाच पुढें रोज सकाळीं “आज किती भरलं रे?” असें विचारतांना मीं ऐकलें आहे.

पण खरी गंमत पुढेंच आहे. चौथ्या आठवड्यांत अडखळलें तें धाकटें नव्हे, थोरलें. तीन दिवसांचे आंकडे असे होते : १४१०, १४१५, १३९०. पोट नगाऱ्यासारखें गोल, आणि येणाराजाणारा त्यालाच उचलून म्हणे, “हें किती बाळसेदार!” तें बाळसें नव्हतें, जंत होते. गोल जंत पिलाला आईच्या गर्भांतूनच मिळूं शकतात, आणि पुढें दुधांतूनहि. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनीं, निदान आठ आठवड्यांपर्यंत, जंताचें औषध देण्याची रीत आहे. आईलाहि त्याबरोबर द्यावयाचें असतें. येथें वहीचा दुसरा उपयोग होतो. औषधाचें प्रमाण पिलाच्या वजनावर ठरतें. “असेल दीड-दोन किलो,” अशा अंदाजानें औषध पाजणें म्हणजे एका पिलाला कमी आणि दुसऱ्याला अधिक देणें होय. थोरल्याला औषध दिल्यावर काय पडलें याचें वर्णन आकाशवाणीवर करणें बरें नव्हे. चार दिवसांत त्याची रेषा पुनः चढूं लागली. हे जंत माणसाच्या मुलांनाहि बाधतात. तेव्हां पिलाला हात लावल्यावर साबणानें हात धुणें, हें वजनाइतकेंच नित्याचें असूं द्यावें.

वाढ खुंटलेली दिसली तर पहिला विचार दुधाचा येतो. तो दुसरा असावा. पहिला विचार उबेचा. नवजात पिलाच्या अंगाचें तापमान त्याच्या आईपेक्षां कमी असतें. आईचें १०१-१०२ अंश फॅरनहाइट, तर पहिल्या आठवड्यांतल्या पिलाचें ९५ ते ९८. त्याला थंडीनें कुडकुडतां येत नाहीं, म्हणजे अंग आपोआप हलवून ऊब निर्माण करण्याची जी सोय आपल्याला आहे ती त्याला अद्यापि मिळालेली नसते. अंग गार पडलें कीं आंतड्यांचें काम मंदावतें, दूध पचत नाहीं, चोखण्याची शक्ति जाते. आणि अशा गार पिलाच्या तोंडांत मायेनें बळेंच घातलेलें दूध त्याच्या फुप्फुसांत जाण्याचा संभव असतो. म्हणून आधीं ऊब, मग दूध, हा क्रम कधींहि उलटा करूं नये. गोणपाटावर जुनी घोंगडी, तिच्या एका बाजूस फडक्यांत गुंडाळलेली कोंबट पाण्याची बाटली, आणि दुसरी बाजू मोकळी, म्हणजे पिलाला फार गरम वाटलें तर सरकून जातां यावें, एवढ्यानें भागतें. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या जागीं ८५ ते ९० अंश फॅरनहाइट ऊब असावी. बंद खोलींत कोळशाची शेगडी मात्र ठेवूं नये. तिनें पिलांबरोबर माणसेंहि दगावलेलीं आहेत.

दुधांत सर्वांत मोलाचें दूध पहिलें. गाय व्याल्यावरचा चीक आपण खरवसासाठीं हौसेनें आणतों. कुत्रीचाहि चीक असतो, आणि रोगांशीं झुंजण्याचें बळ पिलाला त्यांतूनच मिळतें. तें बळ आंतड्यांतून रक्तांत शोषलें जाण्याचें दार जन्मानंतर साधारण एका दिवसांत बंद होतें. म्हणून पहिल्या दिवशीं प्रत्येक पिलूं सडाला लागलें ना, हें पाहणें फार महत्त्वाचें.

आई नसेल तर वरचें दूध द्यावें लागतें. आपण काय करतों? लहान जीव म्हणून गाईच्या दुधांत पाणी घालतों. हें दयाबुद्धीनें केलें जातें आणि परिणाम उपासमारीचा होतो. कुत्रीच्या दुधांत प्रथिनें सुमारें सात ते आठ टक्के व स्निग्धांश नऊ टक्क्यांच्या आसपास; गाईच्या दुधांत हेच आंकडे तीन आणि चार. म्हणजे गाईचें दूध मुळांतच पिलाला पातळ, त्यांत आणखी पाणी! पिलांसाठीं तयार केलेली दुधाची भुकटी औषधांच्या दुकानांतून मिळते, ती वापरावी. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, पाजावें लागतें. पाजतांना पिलूं पालथें असावें, जसें तें आईच्या पोटाशीं असतें तसें. माणसाच्या बाळासारखें उताणें धरून पाजूं नये. आणि दर वेळीं ओल्या कापसानें त्याच्या मागचा भाग हळूच पुसावा. आई जिभेनें हें करते, आणि तसें झाल्यावांचून दोन-तीन आठवड्यांपर्यंत पिलाला मलमूत्र विसर्जन करतां येत नाहीं. एवढी खटपट पाहून घरांतले अर्धे उत्साही लोक गळतात. जे उरतात त्यांनीं वही सोडूं नये, कारण वरच्या दुधावरच्या पिलाला दूध पुरतें आहे कीं नाहीं हें सांगणारी आई जवळ नसते.

तीन आठवड्यांनंतर दांत येऊं लागतात, आणि आईच्या दुधाबरोबर मऊ अन्न सुरू करतां येतें. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत दूध सुटतें. येथून वजन आठवड्यातून एकदां केलें तरी पुरे. येथूनच आपल्या घरोघरच्या दूध-भाकरीचा प्रश्न उभा राहतो. ज्वारीची भाकरी आणि दूध यांवर गांवठी कुत्रीं पिढ्यान् पिढ्या जगलीं हें खरें, पण तीं इतर पुष्कळ कांहीं खात फिरत असत. दाराशीं बांधलेल्या पिलाला ती सोय नसते. नुसत्या दूध-भाकरीवर पोट भरतें, वजनहि थोडें चढतें, पण वाढीला लागणारीं प्रथिनें कमी पडतात. उकडलेलें अंडें, शिजवलेलें मांस हें त्यांत हवें. शाकाहारी घरांनीं पशुवैद्यास विचारून तयार खाद्याची सोय करावी. आपला जिल्हा सोयाबीनचा. तेव्हां सोयाबीनविषयीं विचारणा होते. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारें द्रव्य असतें, म्हणून तें पूर्ण शिजविल्यावांचून देऊं नये, आणि सगळी मदार त्यावर ठेवूं नये. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत; लाडानेंहि देऊं नयेत.

याच्या उलट नुसत्या मांसावर वाढविलेल्या पिलाचीं हाडें वांकतात, कारण मांसांत चुना फार थोडा असतो. मुडदुसाविषयीं एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. माणसाच्या मुलाला कोवळ्या उन्हांत ठेवलें कीं त्याच्या कातडींत ड जीवनसत्त्व तयार होतें. कुत्र्याच्या कातडींत तें फारसें होत नाहीं. त्याला तें अन्नांतूनच मिळावें लागतें. तेव्हां पिलाला सकाळच्या उन्हांत बांधून निश्चिंत होणें व्यर्थ आहे. आणि म्हणून कोणी कॅल्शियमच्या बाटल्या आणून मनास येईल तितकें पाजूं लागेल, तर तेंहि घातक. मोठ्या जातीच्या पिलाला जास्तीचा चुना पोटांतच अडवून धरण्याची शक्ति कोवळ्या वयांत नसते. तो अंगांत जातो आणि हाडांची घडण बिघडवितो.

मोठ्या जातींचा विषय निघाला म्हणून एक तक्रार नोंदवितों. अलीकडे आमच्यासारख्या गांवांतूनहि लॅब्रडॉर, अल्सेशियन वगैरे कुत्रीं दिसूं लागलीं आहेत. वैशाखांत पारा त्रेचाळीस अंशांवर जातो, तेथें या केसाळ प्राण्यांचें काय होत असेल तो भाग निराळा, पण त्यांच्या मालकांची स्पर्धा चालते ती “माझें पांच महिन्यांतच पंचवीस किलो!” अशी. अंगणवाडींत रेषा आडवी झाली कीं चिंता करावयाची असते. येथें ती भलतीच उभी चढली तरी करावयाची असते. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत ग्रेट डेन जातीच्या पिलांवर झालेला एक अभ्यास १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. हवें तितकें खाऊं दिलेल्या पिलांत हाडांचे आणि सांध्यांचे विकार अधिक आढळले. ज्यांना त्याच्या दोन-तृतीयांश अन्न मिळालें तीं निकोप राहिलीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास तर कुत्र्यांच्या सबंध आयुष्याचा होता. लॅब्रडॉर जातीच्या ४८ पिलांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडींतल्या एकाला दुसऱ्यापेक्षां पाव हिश्श्यानें कमी अन्न दिलें. भरपूर खाणाऱ्यांचें मध्यम आयुष्य ११.२ वर्षें भरलें, आणि बेतानें खाणाऱ्यांचें १३ वर्षें. ज्या कुत्र्यावर आपण माया करतों त्याच्या आयुष्यांतलीं जवळजवळ दोन वर्षें आपण दोन घांस अधिक भरवून कमी करतों, असा याचा सरळ अर्थ आहे.

मग नेमकें वजन कोणतें? येथें नुसता आंकडा पुरत नाहीं, हाताचीहि साक्ष घ्यावी लागते. आपली मूठ वळावी आणि मुठीवरच्या हाडांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचें बोट फिरवावें. पिलाच्या बरगड्या तशा टोंचूं लागल्या तर तें फार रोड आहे. तळहात उघडून बोटांच्या मुळाशीं, मांसल बाजूनें दाबून पाहावें. बरगड्या तशा शोधाव्या लागल्या तर तें फार लठ्ठ आहे. हात पालथा पसरून बोटांच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवितांना जसें लागतें, पातळ आवरणाखालीं हाडें सहज जाणवतात पण वर आलेलीं नसतात, तसें असलें म्हणजे ठीक. वरून पाहिलें असतां कंबर दिसली पाहिजे. जंतानें फुगलेल्या पोटाची आणि लठ्ठपणाची गल्लत याच परीक्षेनें टळते; जंताच्या पिलाचें पोट मोठें असतें आणि बरगड्या मात्र टोंचतात.

जातीजातींत फरक असतो हें ध्यानांत ठेवावें. ज्याला आपण कारवान म्हणतों, तें शिकारी कुत्रें मुधोळच्या घोरपडे राजांनीं निगुतीनें जोपासलें, म्हणून तें मुधोळ या नांवानेंहि ओळखलें जातें. २००५ सालीं भारतीय डाक विभागानें त्याच्या चित्राचें तिकिट काढलें. त्याची अंगलटच सडपातळ. त्याच्या पिलाच्या एक-दोन बरगड्या दिसल्या म्हणून त्याला तुपाची धार लावणें हा त्या जातीवर अन्याय होय. मध्यम बांध्याचें पिलूं चौथ्या महिन्याच्या सुमारास पूर्ण वजनाच्या निम्म्याच्या जवळ येतें आणि वर्षाच्या आंतबाहेर पूर्ण वाढतें. फार मोठ्या जाती निम्म्यावर येण्यास पांच-सहा महिने घेतात, आणि त्यांची वाढ दीड-दोन वर्षें चालू राहते. पाश्चात्त्य देशांत आतां कुत्र्यांच्या पिलांसाठींहि अंगणवाडीसारखे तक्ते निघाले आहेत. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेले असे तक्ते बारा आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या वयाचे आहेत, नर-मादीसाठीं वेगळे आहेत, आणि पूर्ण वाढीच्या वजनाप्रमाणें त्यांचे वर्ग पाडलेले आहेत. त्यांतहि पाहावयाचें तें हेंच, कीं पिलूं आपल्या रेषेच्या वाटेनें चाललें आहे कीं वाट सोडून वर वा खालीं जात आहे.

एक प्रसंग मात्र असा असतो कीं, तेथें दुसऱ्या दिवसाच्या ठिपक्याची वाट पाहत बसूं नये. पार्व्हो नांवाचा विषाणुजन्य रोग १९७८ च्या सुमारास जगभर एकाएकीं पसरला, आणि आजहि लस न टोंचलेल्या पिलांचा तो मोठा वैरी आहे. ओकाऱ्या, रक्ताचे जुलाब, अन्नावरची वासना उडणें, आणि एका दिवसांत वजनांत भली मोठी घट. ही घट मांसाची नसते, अंगांतल्या पाण्याची असते, आणि पिलूं मरतें तें बहुधा त्या पाण्याविना. अशा वेळीं घरगुती काढे, हळद-दूध यांत तास घालवूं नयेत. सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवड्यांपर्यंत पुढच्या मात्रा, आणि तिसऱ्या महिन्यांत रेबीजची म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस, हा क्रम पशुवैद्याच्या सल्ल्यानें पाळावा. साध्या दुखण्यास वाशीमचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. पूर्वीं आपण अकोला जिल्ह्यांत मोडत होतों. १९९८ सालीं वाशीम वेगळा जिल्हा झाला, तरी अवघड दुखण्यासाठीं पुष्कळ लोक आजहि अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेचीच वाट धरतात.

कोठेंहि जा, वही बरोबर न्या. डॉक्टर विचारतात, “कधींपासून खात नाहीं?” आणि घरचीं चार माणसें चार दिवस सांगतात. वहींत तो दिवस लिहिलेला असतो. वजनाच्या रकान्याशेजारीं आणखी एक अरुंद रकाना आंखून त्यांत जंताचें औषध, लस, अन्नांतला बदल एवढें टिपत जावें. चार महिन्यांनंतर पंधरवड्यानें आणि सहा महिन्यांनंतर महिन्यानें एक नोंद पुरते. तोंपर्यंत पिलूं स्वयंपाकघरांतल्या कांट्यावर मावेनासें झालेलें असतें. मग माणसें वजन करतात त्या कांट्यावर पिलाला उचलून घेऊन उभें राहावें, नंतर एकट्यानें उभें राहावें, आणि पहिल्या आंकड्यांतून दुसरा वजा करावा. उचलून घेणारा मनुष्य दर वेळीं तोच असावा असें नाहीं, पण दोन्ही वेळां त्याच्या पायांत वहाणा असाव्यात किंवा दोन्ही वेळां नसाव्यात.